त्याच्या नंबरावरचा फोटो

आमच्या लॉन्ड्रीत चादरीची घडी घालायला दोघी लागतात. हॉटेलच्या डबल बेडच्या चादरी त्या! एकटीने घालायला गेलात की अर्धी जमिनीवर लोळते आणि परत धुवायला जाते. म्हणून दोन टोकं हिच्या हातात, दोन तिच्या. लांब उभं राहून ताणायचं, झटकायचं, मग चालत समोरासमोर यायचं आणि टोकाला टोक लावायचं. माझ्यासमोर असते ती आत्या. कुणाची आत्या ते कुणालाच माहीत नाही, पण मॅनेजरसुद्धा तिला आत्याच म्हणतो. आमचं सगळं बोलणं असं तुकड्यातुकड्यांत चालतं. जवळ आलो की एक वाक्य, लांब गेलो की मशीनची घरघर.

"आज बदललाय गं," असं ती जवळ येऊन म्हणाली की समजायचं, लेकाचा व्हॉट्सॲपवरचा फोटो, म्हणजे डीपी, बदलला.

लेक घर सोडून गेला त्याला बरीच वर्षं झाली. बाप टॅक्सी चालवायचा. पोराने एकदा न विचारता टॅक्सी काढली आणि खांबाला ठोकली. बापाने त्याला स्टँडवर सगळ्या ड्रायव्हरांदेखत कानाखाली वाजवली. आत्या डबा द्यायला गेली होती, ती तिथेच उभी. हूं की चूं केलं नाही तिने. पोरगा जाताना बापाशी काही बोलला नाही, हिला मात्र म्हणाला, "तू तरी बोलायचंस." झालं! तेव्हापासून फोन उचलणं बंद, मेसेजला उत्तर बंद. पण नंबरावर त्याचा फोटो दिसत राहिला.

"फोटो दिसतोय म्हणजे त्याने तुमचा नंबर पुसलेला नाही," असं आमच्या बॉयलरवाल्याने तिला समजावलं. मग काय, त्या एका वाक्यावर बाई जगायला लागली.

तिने त्या फोटोंतून काय काय वाचलं म्हणून सांगू! हातात हेल्मेट दिसलं, तर "गाडी घेतली त्याने." चष्मा दिसला, तर "डोळे गेले, बापावर गेलाय." एकदा मागे खिडकी दिसली, तर हिने बोटांनी मोठं करून पडदा बघितला. "स्वच्छ आहे गं. बरी खोली मिळालेली दिसते." आणि कॉलर! कपड्यांत जन्म गेलेली बाई, कॉलर काय सोडते? "बघ, कॉलरची टोकं दुमडलीत. स्वतःच इस्त्री करतो. अजून कुणी नाही त्याला."

माझं डोकं फिरायचं. "अगं, कॉलर कसली बघतेस? फोन लाव ना सरळ! दहा वेळा नाही उचलणार, अकराव्या वेळी उचलेल."

"आणि चिडून त्याने फोटोच बंद केला तर?"

असलेला फोटो जाऊ नये म्हणून तिने फोन करणंच सोडून दिलं होतं. मी कितीदा तरी भांडले तिच्याशी, चादर हातातून हिसकली, पण बाई ढिम्म.

आणि हिचा स्वतःचा डीपी? तो काढायचं काम माझ्याकडे. तिला कधी फूल नको, देखावा नको. घराच्या दारात उभी राहायची. दाराला नवा रंग दिला तेव्हा मुद्दाम नवा फोटो काढून घेतला. म्हणाली, "त्याला दार ओळखू यायला हवं." मी म्हटलं, "तो बघतो तरी का तुझा फोटो?" तर नुसती हसली.

बघत होता तो. नवरा गेला त्या दिवशी तिने भीती बाजूला ठेवून फोन लावला. पोराने उचलला नाही. मग तिने स्वतःच्या फोटोच्या जागी नवऱ्याचा फोटो लावला, टॅक्सीला टेकून उभा असलेला. संध्याकाळी लेकाच्या नंबरावरचा फोटो जाऊन नुसता काळा चौकोन आला. घरात माणसं बसलेली, आणि ही मला स्वयंपाकघरात ओढून नेऊन फोन दाखवत होती. डोळ्यांतून पाणी वाहतंय आणि तोंडाने म्हणतेय, "बघतो गं तो, बघतो." हसावं की रडावं हे मला कळेना. मेल्या, एवढं कळतं तर दोन पावलं यायला काय झालं होतं, असं मी मनातल्या मनात त्याला शंभरदा म्हटलं.

पुढे फोटो येत गेले, आणि मग एक दिवस काहीच उरलं नाही. नुसतं राखाडी गोल डोकं. पहिला आठवडा ती म्हणाली, "बदलत असेल." पुढे म्हणेनाशी झाली. काम करताना टोकं सुटायला लागली, उशांच्या खोळीत टॉवेल जायला लागले. मॅनेजर ओरडला तर मी त्याच्या अंगावर गेले. पण मॅनेजरवर ओरडून का फोटो येणार होता?

कितीतरी महिन्यांनी एका सकाळी ती धावतच आत आली. आत्याला धावताना कुणी पाहिलं नव्हतं. फोन पुढे केला. त्याच्या नंबरावर एक तरुण बाई, कडेवर टोपडं घातलेलं बाळ.

"सून," आत्या म्हणाली. "आणि हे..."

अहो, मशीनं बंद पडली आमची! सगळ्या बायका गोळा झाल्या. कुणी म्हणालं नाक आजोबांचं, कुणी म्हणालं कान आत्याचे. हनुवटी अगदी हिचीच, असं मी म्हटलं, आणि खोटं नाही सांगत, मला दिसलीही तशीच. मॅनेजरने सगळ्यांना चहा सांगितला. आत्या म्हणाली, "भांडण त्याचं माझ्याशी आहे. सुनेने काय केलंय? तिला फोन करायला काय हरकत?"

"कर कर," आम्ही सगळ्या. मी तर सगळ्यांच्या वर.

जेवणाच्या सुट्टीत तिने त्याच नंबरावर फोन लावला. आम्हाला ऐकू यावं म्हणून स्पीकर चालू केला. एका बाईने फोन उचलला.

"सूनबाई, मी सासू बोलतेय गं तुझी. घाबरू नकोस. बाळ कसं आहे?"

"कोण पाहिजे तुम्हाला?"

आत्याने लेकाचं नाव सांगितलं.

"राँग नंबर," ती बाई म्हणाली. मग वैतागून, "त्यांच्यासाठी आधीपण खूप फोन आले. मी हे सिम नवीन घेतलंय. आधी कुणाचं होतं, मला माहीत नाही."

"तो कुठे गेला?"

"मला कसं माहीत असणार?"

"पण बाळ..."

"बाळ माझं आहे," ती बाई म्हणाली आणि तिने फोन ठेवला. थोड्या वेळाने तो फोटोही दिसेनासा झाला. तिचं तरी काय चुकलं? अनोळखी बाई फोन करून आपल्या बाळाची चौकशी करते म्हटल्यावर, माझी पोरं लहान असताना मीही तेच केलं असतं.

आत्याने बॉयलरवाल्याला बोलावलं. "नंबर दुसऱ्याला का देतात?"

"बंद पडला की देतात, आत्या."

"बंद का पडतो?"

"रिचार्ज नाही केलं तर. माणसाने दुसरा घेतला तर..."

"आणि?"

बॉयलर बघून येतो म्हणून तो निघून गेला.

पुढचे सगळे उपाय करून झाले. फेसबुकवर त्याच्या नावाचे ढिगाने निघाले, आमचा त्यात नव्हता. पोलीस चौकीत गेलो. तिथला साहेब भला माणूस, त्याने बसायला खुर्ची दिली, पण म्हणाला, "सज्ञान मुलगा, स्वतःहून गेलेला. राहतो कुठे ते तुम्हाला माहीत नाही. शोधू तरी कुठे?" मी आवाज चढवला. आत्याने माझा दंड धरून मला बाहेर आणलं. इतका राग आला होता मला, आणि काढायला माणूस नव्हता.

काल सुट्टी होती. तिने मला घरी बोलावलं. केस नीट विंचरलेले, अंगावर ठेवणीतले कपडे. दारात उभी राहिली आणि म्हणाली, "नवा काढ. नवीन नंबर घेतला असेल त्याने. माझा नंबर त्याच्याकडे असणारच. बघत असेल."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? फोन वर धरला.

"हसू का गं?" तिने विचारलं.

"हस की."

ती हसली, आणि लगेच थांबली. "नको. हसले तर त्याला वाटेल, बरं चाललंय हिचं. मग कशाला येईल?"

"बरं, नको हसूस."

तिने तोंड मिटलं. मग परत म्हणाली, "आणि अशी दिसले तर वाटेल, अजून रागावली आहे. तरी नाही येणार."

मी फोन धरून उभी. हात दुखायला लागला, पण खाली घ्यायचं धाडस होईना.

"सांग ना," आत्या म्हणाली. "तूही आई आहेस. कसा चेहरा करू म्हणजे येईल?"