वाळूच्या रंगाचं लोखंड

कंटेनरचं दार उघडलं की बशीरभाई आधी आत डोकं घालून वास घ्यायचे. मग एखादा तुकडा ओढून त्यावर हातोडी मारायचे आणि जाहीर करायचे, "हा बापाचा." नाहीतर, "हा लेकाचा." बाप आणि लेक म्हणजे अमेरिकेचे दोन राष्ट्राध्यक्ष. दोघांनी आपापल्या पाळीत इराकवर फौज घातली होती.

जालन्यात एका सळईच्या कारखान्यात आम्ही भंगार निवडायचो. ते परदेशातून यायचं, बंदरावरून ट्रकनं. आम्ही बाया त्यातलं तांबं, पितळ, रबर वेगळं काढायचो. उरलेलं लोखंड भट्टीत जायचं. बशीरभाई आमचे मुकादम.

त्यांचं सगळं खरं असायचं असं मी म्हणणार नाही. लोखंडावर कुणाचं नाव नसतं. निम्म्या थापाच असायच्या. पण वाळूच्या रंगाचा पत्रा आला की त्यांची थट्टा थांबायची. तो लढाईचा माल, फौजेच्या गाड्यांचा. आम्हाला लांब उभं करून ते आधी स्वतः हात घालायचे. म्हणायचे, "एखादा गोळा जित्ता असला तर? मी मेलो तर एकटी माझी घरवाली, नूरबी रडंल. तुम्ही मेल्या तर तुमचे नवरे मला जगू देनार न्हाईत."

जेवणाच्या सुट्टीत वजनकाट्याच्या सावलीला बसलो की त्यांचा एकच वाद. अमेरिकेचा सगळ्यात मोठा राष्ट्राध्यक्ष कोण? त्यांना नावं पाठ होती, मला एकही नव्हतं. पण मी मागे हटायची नाही. मी म्हणायचे, दुष्काळात ज्यानं लाल मिलो, ती तिकडची ज्वारी, पाठवली तो. चौथीतून शाळा सुटली होती, मी खडी फोडत होते, आणि त्या मिलोच्या भाकरीवर आमचं घर जगलं.

"त्याचं नाव काय?" बशीरभाई विचारायचे.

"नाव कशाला पाह्यजे? भाकर खाल्ली की."

"तिकडं जनावरं खातेत ते, गयाबाई."

"मंग मी जनावर का?"

"तसं न्हाई. पन तुम्ही जगल्या अन् आज माझं डोकं खाऊन राह्यल्या. म्हंजी त्याचा असर हाये, बराबर हाये."

त्यांचं स्वतःचं माप निराळं होतं. "ज्याचा माल आपल्या हातात येतो, तो मोठा. बाकीचे पेपरातले."

सलीम त्यांचा एकुलता एक. लग्नाकार्यात रांधायला भटारी म्हणून जायचा, हात चांगला होता. एका एजंटानं कुवेतच्या हॉटेलात लावतो म्हणून नेलं. पुढं फोन आला तो इराकमधून. अमेरिकेच्या फौजेच्या छावणीत, भटारखान्यात लावलं होतं. पासपोर्ट ठेकेदाराकडं. "अब्बा, फिक्र मत करो, मैं तो रोटी ही बनाता हूँ," असं तो म्हणाला. हे वाक्य बशीरभाईंनी इतक्या वेळा सांगितलं की आम्हा बायांनाही पाठ झालं.

मग फोन यायचा थांबला. एजंटाच्या दुकानाला कुलूप. बशीरभाई जिल्ह्याच्या मोठ्या कचेरीत गेले, सोबत मीही गेले, कारण रागावल्यावर त्यांच्या तोंडून शब्द फुटत नसे. तिथला कारकून वाईट नव्हता. त्यानं पाणी दिलं आणि म्हणाला, "चाचा, हे दिल्लीचं काम आहे. तिथंसुद्धा कुणाचं चालतं की नाही, देव जाणे."

परत येताना बशीरभाई रिक्षात एवढंच बोलले, "आपल्या हातात काय हाये? भंगार."

त्यानंतर ते वाळूच्या रंगाचा पत्रा निवडताना नुसते गोळे शोधत नव्हते. काय शोधत होते ते त्यांना विचारायची गरज नव्हती.

मग अमेरिकेत सावळा माणूस निवडून आला. आमच्या बौद्धवस्तीत लोक खूश झाले. मीही झाले, उगाच खोटं कशाला सांगू. पण जिलेबी आणली ती बशीरभाईंनी. सगळ्या कारखान्यात वाटली.

मी म्हटलं, "तुम्हाला काय झालं? तुमचा तर बाप-लेकाच्या पेढीवर जीव."

"तो फौज माघारी बोलावनार हाये. फौज गेली म्हंजी छावनी उठली. छावनी उठली म्हंजी भटारखाना बंद. भटारखाना बंद झाला तर भटारी कुठं जाईल? घरीच येईल ना!"

यात चुकीचं काय, मला तरी दिसलं नाही. मी दोन जिलेब्या खाल्ल्या.

फौज गेली, पण लगेच नाही, वाट बघायला लावून गेली. टीव्हीवर गाड्यांची रांग दाखवली. नूरबीनं सलीमच्या खोलीत रचलेली लाकडं बाहेर काढली आणि भिंतींना चुना दिला.

पुढल्या उन्हाळ्यात एक कंटेनर उघडला. बशीरभाईंनी आत डोकं घातलं आणि बराच वेळ काढलंच नाही. मी जाऊन पाहिलं. लोखंडी खाटा. चेपलेल्या शेगड्या. कणीक मळायच्या यंत्राचं पिंप. आणि भट्टीत रोट्या भाजायचे काळे ट्रे, थप्पीच्या थप्पी, कडांना जळक्या पिठाची खपली. भटारखाना आला होता.

त्यांनी एकेक ट्रे उलटा-सुलटा करून पाहिला. क्रेनवाला वरून ओरडला, "चाचा, भट्टी थांबलीय!" तसे ते बाजूला झाले. चुंबक खाली आलं आणि सगळे ट्रे एका झटक्यात उचलून घेऊन गेलं.

मला गोड बोलता येत नाही. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "आता मोठा कोन, बशीरभाई?"

ते म्हणाले, "बापानं फौज घातली, लेकानं घातली, सावळ्यानं काढली. त्याह्यला काय, एक गेला की दुसरा येतो. माझा एकच व्हता."

तो वाद पुन्हा कधी निघाला नाही. ते काम करत राहिले. पुढं दम लागायला लागला, घरी बसले. गेल्या हिवाळ्यात मी भेटायला गेले तेव्हा टीव्ही चालू होता. अमेरिकेचा आत्ताचा राष्ट्राध्यक्ष कुणाच्या मालावर किती कर लावला ते सांगत होता. बशीरभाईंनी खाटेवरून विचारलं, "ह्यो कसा हाये?"

"आवाज लई करतो."

"माल आला का ह्याचा?"

"अजून न्हाई."

"येईल," ते म्हणाले आणि कूस बदलली. आठवड्यात गेले. मातीला खूप लोक होते. सलीमची खोली नूरबीनं अजून कुणाला भाड्यानं दिलेली नाही.

मी अजून कामावर जाते, बसून निवडायचं असतं तेवढं करते. परवा एका कंटेनरात वाळूच्या रंगाचे पत्रे निघाले. नव्या पोरींना बशीरभाईंच्या गोष्टी ऐकून माहीत. एकजण हसत म्हणाली, "मावशी, सांगा की, हा कुणाचा माल?"

मी म्हटलं, "लोखंडावर नाव नसतं. हातमोजे घाला आणि लांब उभ्या राहा, आधी मी बघते."

मग पुन्हा हाक मारून सांगितलं, "ट्रे निघाले तर क्रेनला देऊ नका. मला दाखवा."