मिशीवाला फोटो

चव्वेचाळीस वर्साचा घोडा झाला आमच्या शेजारचा किशोर. लग्नाचं काई जमलं नाही, अन् घरात खेळने दोन. एक कॅमेरा, ज्याच्या तोंडातून फोटो लगेच बाहेर येते, अन् एक कंपूटर, ज्याच्यावर हा लोकायसाठी खेळ बनवते. लोकं म्हनजे कोन, तं मी अन् त्याची माय मैनाबाई. तिसरं कोनी खेळलं असन तं मले माईत नाही.

अकोल्यात डाबकी रोडवर त्याचा टायपिंगचा क्लास हाय. पोट्टे घरी गेले का हा दार लोटून बसे. कंपूटरवर रंगीत ठोकळे राह्यतेत म्हने, एकाले एक जोडत गेलं का खेळ तयार होते. एका खेळात बकरी ट्रॅफिक पोलिसाले चुकवून पालकाच्या जुड्या खाते. मी दर खेपी मरो. "इंदूकाकू, बकरी मेली, तुमी नाही," असं म्हनून हासे मेला.

कॅमेऱ्याचे तं चोचलेच. त्याची फिल्म महाग, अन् आमचा उन्हाळा तिले सोसत नाही, म्हनून फ्रिजात दह्याच्या पातेल्यापाशी ठेवे. मे महिन्यात फोटो काढला का सारी गल्ली हळदीत बुडवल्यावानी पिवळी. कॅमेरा आनला त्या दिवशी पहिला फोटो मीच काढला, किशोरचा, त्याच्याच दारात. पांढरा कागद निघाला. मी म्हटलं, "खराब झाला बाप्पा!" तो म्हने, "थांबा तं खरं काकू." अन् पाह्यता पाह्यता त्याच्यातून किशोर उमटला. काळीभोर झुपकेदार मिशी, दात काढून हासते. असा फोटो एकच राह्यते, दुसरी प्रत निघत नाही. त्यानं तो देवाजवळ ठेवला.

मंग त्याचे बाबा गेले, खुशालराव. दहाव्याले किशोरनं डोकं अन् मिशी उतरवली. डोक्यावरचे केस आले, मिशी काई त्यानं ठेवली नाही. आता पांढरी येते म्हने.

मैनाबाईचं तिथूनच बिघडलं. आधी भाजीत दोनदा मीठ पडे, मंग माहं नाव गेलं, मंग रस्ता गेला. दुपारी पिशवी घेऊन निघे. "तेल्हाऱ्याले जातो, भाऊ वाट पाहून राह्यला." तेल्हारा तिचं माहेर, अन् त्या भावाले मरून जमाना झाला. एक खेप किशोरनं बाहेरून कडी लावली, तं बाईनं दारावर डोकं आपटून रक्त काढलं. त्या दिवसापासून कडी लावनं बंद. डॉक्टर म्हने, हे बरं होनारं नाही, सांभाळा. किशोर माह्या ओसरीत बसून लेकरावानी रडला. म्हने, "काकू, माय हरवली तं मी कोनासाठी घरी येऊ?"

मी चहा ठेवला.

मंग त्यानं तिच्यासाठी खेळ बनवला. मारुतीच्या पारापासून घरापावतर एकेका वळनाचा फोटो त्याच कॅमेऱ्यानं काढला. पार, पिठाची चक्की, निंबाचं झाड, आमची गल्ली, दार. सारे टॅबलेटमंधी घातले. फोटो येते, बाईनं बोटानं दाखवायचं, इकडं का तिकडं. बरोबर तं देवळातली घंटा वाजते, चुकलं तं म्हैस रेकते. अन् शेवटी दारात किशोरचा फोटो, त्याच्याच आवाजात, "माय, आली का? ये, चहा ठेवला."

पहिले त्यानं आपला आताचा फोटो घातला होता. बाईनं टॅबलेट भिरकावला. "हा कोन? माह्या घरात कोन घुसला हा?" तवा त्यानं देवाजवळचा फोटो उचलला, माह्या हातचा, मिशीवाला, अन् तो घातला. बाईनं काचेवर हात फिरवला अन् बोटं कानशिलावर मोडले. "माहा किशोर."

खरा किशोर बाजूलेच बसला होता, तिच्या ताटात वरन वाढून राह्यला होता. त्याले ती म्हने, "भाऊ, तुमचा सैपाक बरा असते."

त्यानं मिशी वाढवून पाह्यली नाही असं नाही. वाढवली, पांढरी आली, काळी केली. बाई म्हने, "हे दंडारीत नाचनारं सोंग कोनं आनलं?" मी हासली, अन् मंग मलेच माही लाज वाटली. त्यानं सकाळी पुन्हा सफाचट केली.

पन खेळ तिले जमला. दिवसभर घंटा वाजे आमच्या गल्लीत. अन् एक दिवस बाई आपली आपन पारावरून घरी आली! किशोरनं मले पेढा दिला. म्हने, "काकू, माय हरवत नाही आता."

लागली नं दृष्ट! त्याच उन्हाळ्यात रस्ता रुंद करायले निंब तोडला. आमच्या ध्यानातच आलं नाही. झाड गेलं, आमी म्हटलं सावली गेली, बस.

त्या दुपारी बाई निघाली ते आलीच नाही. किशोर क्लास सोडून धावत आला. ऊन असं का डांबर पायाले चिकटे. पार झाला, स्टँड झालं, दवाखाना झाला. "काकू, पानी पेली नसन वो ती," एवढंच बडबडे. मी घरी पाहाले फिरली, तं टॅबलेट बाजीवर पडेल. काय मनात आलं, उचलला अन् पदराखाली घेऊन निघाली.

चक्कीच्या पुढं गर्दी दिसली. बाई तुटलेल्या निंबाच्या खोडापाशी उभी, तोंड लालबुंद, ओठ फाटेल. कुठून तरी फिरून घराकडं आली, अन् निंब सापडला नाही म्हनून तिथंच उभी राह्यली होती, पुढंही जाईना अन् मागंही येईना. किशोरनं तिचा हात धरला होता अन् ती बोंबलून राह्यली होती, "सोड! कोन हायेस रे तू? मले कुठं नेतं?"

लोकायनं त्याची गचांडी धरली. "काय बे, म्हाताऱ्या बाईले ओढतं?"

"माय हाय माही!"

"आजी, हा तुमचा पोरगा हाय काय?"

"नाई वो. माह्या पोराले मिशी हाय."

एकानं फाडकन थोबाडात देली त्याच्या. त्यानं हात जोडले, मारनाऱ्याले नाही, मायले. "माय, मी किशोर वो. पाह्य ना माह्याकडं, एक डाव पाह्य." मी शिव्या देत गर्दीत घुसली. "मुर्दाडायनो, सोडा त्याले! तिचाच हाय तो! जलमला तईपासून ओळखतो मी त्याले!" तवा कुठं सोडला.

पन बाई त्याच्यासंगं यायले राजीच नाही. मी टॅबलेट तिच्या हातात देला. चक्कीचा फोटो आला, घंटा वाजली. निंब आला. तिनं काचेतल्या निंबाले बोट लावलं, डावीकडं वळली अन् चालाले लागली. समोर बाई, मांगं मी, अन् त्याच्याही मांगं किशोर, शर्टाची गुंडी तुटेल, गालावर बोटं उमटेल. जवळ आला तं ती भेते, म्हनून दुरून.

दार आलं. टॅबलेट बोलला, "माय, आली का? ये, चहा ठेवला." बाई हासली. "आली रे बाप्पा, आली."

मंग मांगं वळून किशोरकडं पाह्यलं. राग गेला होता तिचा.

"जा जी भाऊ तुमी आता. माहा पोरगा हाय घरी." अन् थांबली. "मिशी काहून काढली तुमी? कोन गेलं घरचं?"

"बाबा गेले," किशोर म्हने.

"अरेरे. माय हाय नं?"

"हाय."

"मंग जपजा तिले." अन् ती आत गेली.

किशोर पायरीवरच बसला. खांदे हालत होते त्याचे.

सांजच्याले तो नको म्हने, मीच ऐकलं नाही. फ्रिजातली शेवटची फिल्म घातली, त्याले दारात उभं केलं अन् फोटो काढला. उजेड उतरला होता, मस्त आला फोटो. सुजलेला गाल, बिनमिशीचं तोंड. म्हटलं, "घाल हा खेळात. रोज पाह्यन तं ओळखन तुले. किती दिवस भाऊ म्हनून घेतं?"

त्यानं फोटो लय वेळ पाह्यला. मंग मोबाइलनं खोडाचा फोटो काढून आनला, तो निंबाच्या जागी घातला, अन् दारातल्या मिशीवाल्याले हातही लावला नाही.

"याले काढलं तं ती घरी येनार नाही काकू," तो म्हने. "त्याले पाहून येते ती. मी तं हावोच घरी."

आतून बाईनं आवाज देला, "भाऊ, चहा झाला काय?"

"आनतो," म्हने, अन् उठला.