दत्तारामचं ढोपर

"बाई, उद्या आमच्या दारात पालखी येताय. नाचवू ना?"

दत्ताराम माझ्या टेबलावर पाय सोडून बसला होता. मी रत्नागिरीत फिजिओथेरपिस्ट. ऐंशीच्या दशकात हा शब्द कुणाच्या जिभेवर बसत नसे, म्हणून मी 'मालिशवाल्या बाई'. कबड्डी खेळताना दत्तारामच्या गुडघ्याचं लिगामेंट तुटलं होतं. लिगामेंट म्हणजे सांधा जागेवर धरून ठेवणारा दोर. मुंबईत ऑपरेशन करून नवा दोर बसवला होता.

"नाही," मी म्हणाले.

"पण ढोपर दुखत न्हाय ओ आता."

"तीच तर पंचाईत आहे!"

दुखणारा गुडघा माणसाला आवरतो, न दुखणारा भरीस घालतो. नवा दोर मुरायला वेळ लागतो. तोवर आणि पुढेही सांध्याला आधार मांडीच्या स्नायूंचा. मांडी अशक्त राहिली, सांध्याला पीळ बसत गेला, तर आतली गादी झिजते. मग ऐन चाळिशीत जिना नकोसा होतो. आणि आमच्याकडे शिमग्याला ग्रामदेवीची पालखी खांद्यावर घेऊन गुडघ्यात वाकून, गिरक्या घेत नाचवतात.

त्याचे डोळे भरले. "बाबा गेल्यापासना आमच्या अंगणात मीच खांदा देतो. आयेला काय सांगू?"

मला फार वाईट वाटलं. पण ढोल वाजला की डॉक्टरांचं कोण ऐकतो? दुसऱ्या दिवशी मीच त्याच्या वाडीवर गेले आणि पालखीबरोबरच्या म्हाताऱ्या मानकऱ्यांना सगळं समजावलं.

"नुसता उभा ऱ्हायला तर चालंल?" त्यांनी विचारलं.

"सरळ उभा राहिला तर चालेल. भार दुसऱ्यांनी घ्यायचा."

पालखी अंगणात आली. मानकऱ्यांनी हात वर केला आणि ढोल थांबले. नाचणारे जागच्या जागी उभे राहिले. दांडा दत्तारामच्या खांद्यावर टेकवला, खालून चौघांनी तोलून धरला. त्याच्या आईने देवीची ओटी भरली. मला रडू आलं, त्यात लाज कसली?

पालखी पुढच्या खांद्यांवर गेली, ढोल पुन्हा सुरू झाले. दत्तारामचा पाय लगेच थिरकायला लागला. मानकऱ्यांनी त्याचा दंड धरला.

"देवी तुझ्यासाठी थांबली ना? मग आता तूही थांब."

तो थांबला. मांडीचे व्यायाम मात्र त्याने कधीच थांबवले नाहीत. साठी उलटली तरी देवळाची घाटी न टेकता चढतो.

सर्जन ऑपरेशन एकदा करतो, गुडघा आपल्याला जन्मभर सांभाळायचा असतो. हे मी पेशंटला अजूनही सांगते. शिवाय त्याच्या वाडीतल्या वडीलधाऱ्यांनाही सांगून ठेवते.