कोपऱ्यात खाच असलेली चौकट

बाबा दुकानाचं शटर अर्धंच उघडतात. का म्हणून विचारलं तर म्हणतात, "पूर्ण उघडलं की लोक आत येतात." चाळीस वर्षं कॅमेरे दुरुस्त करून माणूस इतका दमलाय की गिऱ्हाईक आलं की कपाळावर आठी पडते आणि नाही आलं तर दिवसभर दाराकडे डोळे लावून बसतो. शाळा सुटली की मी तिथे स्टुलावर वह्या तपासत बसते. आई गेल्यापासून कुणीतरी बसायला हवंच.

आता येतात ते फक्त जुने, घडीचे जर्मन कॅमेरे. झाकण उघडलं की काळ्या भात्यासकट भिंग पुढे येतं आणि मागे कागदात गुंडाळलेला रोल बसतो. बाबांच्या लेखी ही सगळी भावंडं. थोरला एका रोलवर आठ मोठे फोटो काढतो आणि गप्प बसतो. धाकटा बारा चौकोनी काढतो, आणि फार शहाणा. रोल पुढे सरकवला नाही तर बटणच दाबू देत नाही. बाबांचा जीव मात्र मधल्यावर. त्याच्या पोटात पत्र्याची एक चौकट बसवता येते. ती काढली की आठ मोठे फोटो, बसवली की सोळा लहान. सोळा काढायचे तर पाठीवरच्या दोन लाल खिडक्यांकडे डोळ्यांत तेल घालून बघायचं. एकच आकडा आधी पहिल्या खिडकीत आणायचा, फोटो काढायचा, मग तोच दुसऱ्या खिडकीत आणून पुढचा काढायचा. "मधला माणसावर विश्वास ठेवतो," बाबा म्हणतात. माझ्यावर त्यांनी कधी इतकं प्रेम केल्याचं आठवत नाही, पण ते असो.

खोललेल्या कॅमेऱ्याचा एकेक स्क्रू ते पांढऱ्या बशीत मांडतात. काम झालं की झाकणाच्या आत सुईने तारीख कोरतात. "माझ्या हातून आजवर टाचणीएवढी वस्तू हरवलेली नाही," हे वाक्य आम्ही घरात इतक्यांदा ऐकलंय की चमचा सापडेना झाला की आईच ते त्यांच्या आवाजात म्हणायची.

परवा एक बाई आल्या. सत्तरीच्या, नीटनेटक्या, बोलक्या. पिशवीतून मधला काढून त्यांनी काउंटरवर ठेवला.

"उघडत नाहीये. दुरुस्त नाही झाला तरी चालेल, नुसता उघडून द्या. काचेच्या कपाटात ठेवायचाय."

"कुणाचा?" बाबांनी विचारलं.

"आमच्या ह्यांचा. तुमच्याकडूनच एकदा साफ करून नेला होता. मग निवृत्त झाल्यावर समुद्रावर गेलो होतो, लग्नानंतर पहिल्यांदाच, सगळ्या नातेवाइकांना घेऊन. सोळा फोटो काढले ह्यांनी. सोळाच्या सोळा एकमेकांवर! माझ्या डोक्यातून दीर उगवलेला, नणंदेच्या पोटात होडी." त्या हसल्या. "जेवायला सगळे बसले होते, तिथेच मी म्हटलं, तुम्हाला आयुष्यात एक काम धड जमलं असेल तर शपथ. सगळे खो-खो हसले. ह्यांनी कॅमेरा कपाटात टाकला तो टाकलाच. तीन वर्षांनी गेले."

बाबांनी बोटांनी चाचपत अडकलेली कडी सोडवली. मागचं झाकण उघडून आत पाहिलं आणि बराच वेळ पाहतच राहिले. मग म्हणाले, "उद्या या."

बाई गेल्यावर त्यांनी बिस्किटांचा डबा काढला. भंगारात गेलेल्या कॅमेऱ्यांचे सुटे भाग त्यात असतात. काउंटरवर तो उपडा केला, आणि त्यातून पत्र्याची एक चौकट उचलली. तिच्या एका कोपऱ्यात खाच होती.

"अशी खाच फक्त पहिल्यापहिल्या मधल्यांना असायची," ते म्हणाले. "तसा माझ्याकडे एकच आलाय."

झाकणाच्या आत त्यांच्याच हाताची तारीख होती, अकरा वर्षांपूर्वीची. मी ती वाचली. त्या आठवड्यात आई दवाखान्यात होती. बाबा सकाळी तिच्याजवळ बसायचे, दुपारी इथे येऊन हातातलं काम उरकायचे. साफ करायला काढलेली चौकट परत बसवायची राहून गेली होती. त्या गृहस्थांनी सोळांच्या हिशोबाने रोल सरकवला, आणि चौकट नसल्यामुळे प्रत्येक फोटो दुसऱ्याच्या अंगावर सांडला.

"बसवून टाका आणि गप्प बसा," मी म्हटलं. "आता सांगितल्याने गेलेला माणूस परत येणार आहे का? उलट त्या बाईंच्याच जिवाला घोर."

"हो."

"आणि तुमची अवस्था काय होती तेव्हा!"

"ते त्यांना सांगायचं नाही," बाबा म्हणाले. एवढंच. मला त्यांचा संताप आला. हातात लाल पेन होतं, एका पोरीच्या अचूक गणितावर मी फुली मारून बसले.

दुसऱ्या दिवशी बाई आल्या तेव्हा बाबा उभे होते. गिऱ्हाइकासाठी ते कधी उभे राहत नाहीत. त्यांनी चौकट काउंटरवर ठेवली, ती कशासाठी असते ते सांगितलं, आणि म्हणाले, "ही माझ्याकडे राहिली होती. चूक माझी आहे."

बाईंनी चौकट हातात घेतली, उलटसुलट केली. चेहऱ्यावरचं हसू अजून तसंच होतं, पुसायला विसरल्यासारखं.

"म्हणजे ह्यांचं काहीच चुकलं नव्हतं?"

"नाही. दोन्ही खिडक्यांत आकडा बरोबर आणला होता त्यांनी. सोळाही वेळा. नाहीतर सोळाच्या सोळा असे एकमेकांवर चढलेच नसते. फार कमी लोकांना जमतं ते."

मला वाटलं, आता आरडाओरडा करतील. करायला हवा होता, बाबांनाही बरं वाटलं असतं. मी वहीत डोकं घातलं.

"जेवताना बोलले मी त्यांना," शेवटी त्या म्हणाल्या. "चौदा माणसांसमोर. आता त्यातली निम्मी राहिली नाहीत. मी हे सांगू कुणाला?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी वह्या उचलून स्टूल रिकामं केलं. त्यांनी ते बाईंच्या पुढे सरकवलं आणि स्वतः समोर बसले, पाठ वाकवून, दिवस संपल्यावर बसतात तसे.

"मला सांगा," ते म्हणाले.

मी शटर आणखी थोडं खाली ओढलं.