उतरलेला खांदा आणि आमचे डाक्टर

माणसाच्या अंगात हाडांच्या गोल टोकांखेरीज देवानं काही घातलेलंच नाही, अशी आमच्या शेजारच्या डाक्टरांची पक्की समजूत होती. काळीज, पोट वगैरे नुसती अडगळ! अमेरिकेत लढाई जुंपली, कापसाला सोन्याचं मोल आलं, अख्खी अमरावती एकमेकांना भाव विचारू लागली, हे मात्र भेटेल त्याचं कोपर पकडून विचारायचे, "ह्या गोळ्याला तुमच्याकडं काय म्हणतात हो?" घोट्याला नुसता घोटा म्हटलेलं त्यांना खपत नसे. आतला निराळा, बाहेरचा निराळा, दोघांचे स्वभावही निराळे! मांडीच्या हाडाच्या डोक्याचं त्यांनी 'ऊरुमुंड' असं थाटात नाव ठेवलं; पोटच्या पोराच्या बारशाला मात्र त्याचे घोटे चाचपत बसले, आणि नाव आत्यानं परस्पर ठेवून टाकलं.

गावात दुसरा डाक्टर नाही, म्हणून साक्षीला ह्यांनाच न्यावं लागलं. एका शेटजींकडं रुईचे गठ्ठे दाबायच्या यंत्राचा दांडा निसटून एका हमालाचा खांदा उतरला होता. शेटजी म्हणत, सोंग आहे. हमालाला निदान बसून करायचं काम मिळावं म्हणून मी पेठेत पत्रकं वाटली, आणि त्याला तसाच, हात लोंबता, शेटजींच्या गादीपुढं उभा केला. "डाक्टर, दाखवा ह्यांना!"

डाक्टरांनी बंडी सारली. खाचेबाहेर आलेला गोळा पाहून त्यांचा चेहरा असा झाला, जणू कुणी देव्हाऱ्यातला बाळकृष्ण उंबऱ्यावर आणून ठेवलाय. "शेटजी, ही बाहुमुंडी. हिची जागा इथं..." म्हणता म्हणता त्यांनी हमालाला जाजमावर आडवं केलं, काखेत टाच रोवली नि हात ओढला. खट्! गोळा घरी.

"पायलं?" शेटजी खुशीत म्हणाले. "मी सांगूनच राहिलो होतो, याले काई झालं नाई!"

"अहो, आधी दाखवायचं, मग बसवायचं!" मी ओरडलो.

"बाहेर होता हो तो," डाक्टर काकुळतीनं म्हणाले. "किती वेळ ठेवायचा?"

हमाल बोटं हलवून पाहत होता. "जाऊ द्या ना बापू," तो मला म्हणाला, "मले हातच पायजे होता."

डाक्टरांची पुढं अकोल्याला बदली झाली. नवे डाक्टर आधी दाखला लिहितात, त्यावर शिक्का मारतात, मग हाडाकडं वळतात. माझ्या पत्रकांना असे दाखले फार उपयोगी पडतात. हमाल मात्र दाखला माझ्या हाती देतात, आणि दुखरा हात पोटाशी धरून अकोल्याच्या वाटेला लागतात.