चौथा कौल

दुपारचं जेवण अंमळ जास्तच झालंय. कवितासंग्रहाची प्रुफं छातीवर घेऊन शरयू पडलीय. संध्याकाळी ती छापखान्यात परत जायची आहेत. ओळी एकमेकींत मिसळू लागतात आणि खाटेच्या पायथ्याशी आबाकाका बसलेले दिसतात. त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली, पण तिला त्याचं नवल वाटत नाही. ती हौसेने त्यांना कविता वाचून दाखवते.

'माणसाने देवराई तोडली, आणि देव गप्प राहिला.'

टाळ्या पडतात. खोलीभर खुर्च्या आहेत, खुर्च्यांमधून ऐनाचे बुंधे वर गेलेत, आणि रसिक मंडळी बुंध्यांना टेकून 'वा, वा' करतायत. आबाकाका तेवढे भडकलेत.

"माणसान म्हणजे कोणी गो? मी माणूस नाय? चाळीस वर्सां ती राय मियां राखलंय!"

"काका, कवितेत माणूस म्हणजे सगळेच."

"सगळे म्हटलंस म्हणजे कोणच नाय. चोर सुटलो!"

शरयूच्या पायांखाली आता ओला दगड आहे. दोघं देवळाच्या गाभाऱ्यात उभी आहेत. मूर्तीला दोन्ही बाजूंनी फुलाच्या पाकळ्या चिकटवल्यात. राईतलं झाड तोडायचं तर असा कौल लावून देवाला विचारायचं: उजवी पाकळी पडली तर हो, डावी पडली तर नाही.

"देव गप्प नव्हतो," काका म्हणतात. "तीनदा डावो कौल दिल्यान. चौथ्या वेळेक तुझ्या बापाशीन उजवी पाकळी बोटान पाडल्यान. मी ओरडलंय, तर माकाच भायर काढल्यानी. आणि तू पुस्तक त्येकाच अर्पण करतंस?"

"मला माहीत नव्हतं."

"इचारलंस कधी?"

नाही विचारलं. त्या राईवर सात कविता लिहिल्या, झाडांच्या नावाने गळा काढला, पण कुऱ्हाड कोणाच्या शब्दावर चालली हे एकदाही विचारलं नाही. तिच्या तळपायाची आग मस्तकात जाते. वडिलांचा, बापूंचा राग येतो, आणि त्याहून स्वतःचा.

डोळे उघडतात तेव्हा चार वाजलेत. हातात उघडं पेन आहे. प्रुफातला 'माणसाने' हा शब्द इतक्या जोरात खोडलाय की कागद फाटलाय. शेजारी तिच्याच अक्षरात लिहिलंय, 'माझ्या बापाने'.

ओटीवर बापू चहाची वाट बघत बसलेत.

"झाला तपासून? खूप चुका होत्या?"

"एकच होती," शरयू म्हणते आणि तो कागद त्यांच्या हातात देते. "चष्मा लावा बापू, आणि मोठ्याने वाचा."