परवाना त्यांचा होता

सौदीत हुफूफला खजुराच्या एका बागेत मी बरीच वर्षं नोकरी केली. मजुरांना कामं लावून देणं, पाण्याच्या पाळ्या सांभाळणं आणि मालकांची गाडी चालवणं, हे सगळं माझ्याकडे. मालक म्हणजे माझे कफील, त्यांच्या सहीशिवाय मला नोकरीही बदलता येत नव्हती. सत्तरी ओलांडलेले, बायको गेलेली, जुना मधुमेह. मी त्यांना बाबा म्हणायचो, ते मला 'वलदी' म्हणायचे, म्हणजे माझ्या पोरा. त्यांचा खरा पोरगा रियाधला बँकेत होता आणि ईदला येऊन जायचा.

बाबांकडे दोन नळ्यांची एक बंदूक होती, रीतसर परवान्याची. तिच्यात त्यांचा जीव अडकलेला. मी मूळचा रत्नागिरीकडचा. आमच्या वाडीत वानर आणि रानडुकरं बागायतीची वाट लावतात, म्हणून माझ्या वडिलांकडेही ठासणीची बंदूक होती, तीही परवान्याची. निवडणूक आली की ते ती खांद्याला लावून पोलीस ठाण्यात जमा करायला जायचे. तिथला हवालदार त्यांना बाकावर बसवून गावच्या आंब्याची चौकशी करायचा. हे मी बाबांना सांगितलं तेव्हा ते खूश झाले.

"म्हणजे तुला कळतं बंदुकीतलं," ते म्हणाले.

तेव्हापासून बंदूक पुसायचं काम माझ्याकडे आलं. खरं तर त्यांनी ती माझ्या हातात द्यायला नको होती. परवाना त्यांच्या नावाचा. माझ्यासारख्या परदेशी माणसाकडे ती सापडली तर गुन्हा, हे मलाही ठाऊक होतं. पण बाबा शेजारी खुर्ची टाकून बसलेले असायचे, तेल किती लावायचं ते सांगायचे, मध्येच काहवा, म्हणजे त्यांची ती कडू कॉफी, ओतून द्यायचे. त्या वेळी कायद्याची आठवण कोणाला यायची?

त्या हिवाळ्यात बंदुकीचा घोडा अडकायला लागला. दम्मामला त्यांच्या ओळखीचं दुरुस्तीचं दुकान होतं, तिकडे जायचं ठरलं. सकाळी मी बंदूक रिकामी असल्याची खात्री केली, पिशवीत घालून चेन ओढली आणि मागच्या सीटवर ठेवली. काडतुसं घरीच. बाबांनी इन्सुलिन घेतलं, पण नाश्त्याला नाही म्हणाले. "रस्त्यात खाऊ. यल्ला, चल."

गाडीत त्यांनी नेहमीचा धडा दिला. बंदूक बरोबर असली की ते तो द्यायचेच. "पोलीस दिसला की त्याने विचारायच्या आधी सांगायचं. लपवलं की संशय येतो. आपल्याकडे परवाना आहे, मग भ्यायचं कशाला?"

दम्मामच्या अलीकडे नाका लागला तोवर ते गप्प झाले होते. मला वाटलं डोळा लागला असेल. मी काच खाली केली. खिडकीशी एक तरुण पोलीस आला.

"इकामा."

मी इकामा, म्हणजे तिथं राहायचं ओळखपत्र, काढून दिला आणि बाबांनी शिकवल्याप्रमाणे सांगून टाकलं. "मागे पिशवीत बंदूक आहे. रिकामी आहे. या बाबांची आहे, परवाना त्यांच्या खिशात आहे."

त्याचा चेहरा क्षणात बदलला. त्याने एकदा मागे बघितलं, मग बाबांकडे. "हाजी, बंदूक तुमची?"

 मी बाबांकडे वळून पाहिलं तर त्यांच्या कपाळावर घामाचे थेंब होते आणि ओठ नुसते हलत होते. साखर उतरली होती. असं पूर्वीही झालेलं, म्हणून मी गाडीच्या खणात रसाचा डबा ठेवत असे.

"उतर खाली," पोलीस म्हणाला.

"त्यांना रस द्यायला हवा. साखर..."

"उतर!"

मी उतरलो. हात वर करायला सांगितलं, वर केले. तो बाबांना पुन्हा विचारू लागला, आणि बाबांची मान एका बाजूला कलली. माझ्याच्याने राहवलं नाही. "रस तिथं आहे," असं म्हणत मी दारातून आत वाकलो आणि खणाकडे हात नेला.

पुढचं इतकं झटकन झालं की मला फक्त जमीन आठवते. मागून दुसऱ्या कोणीतरी खेचलं. गालाखाली खडी, पाठीवर गुडघा, आणि डावा हात मागे असा पिरगळलेला की हलताच येईना. अरबी माझी चांगली आहे. पण त्या वेळी मराठीत ओरडत होतो, "अहो, म्हातारा मरेल, म्हातारा मरेल!" कोणाला कळणार?

शेजारच्या रांगेत एक गाडी हळू झाली. आपल्याकडची माणसं होती, बाईने ओढणी डोक्यावर घेतलेली, मागे शाळकरी मुलगी. बाईने हात लांब करून मुलीचं तोंड पलीकडे वळवलं. त्या बाईचा राग मला अजून येतो. तिचं चुकलं असं म्हणवत नाही, तरी येतो.

नाक्यावरच्या एका वयस्क पोलिसाच्या लक्षात आलं. त्याने स्वतः खणातून डबा काढून बाबांच्या तोंडाला लावला. मग रुग्णवाहिका आली, त्यांना घेऊन गेली. मला बेड्या घालून ठाण्यात नेलं.

तिथला अधिकारी शांत माणूस होता. आवाज चढवला नाही, हात लावला नाही. एकच प्रश्न तो पुन्हा पुन्हा विचारत होता. "मालक शुद्धीवर नव्हते. मग गाडीतली बंदूक कोणाच्या ताब्यात होती?"

"त्यांच्याच. मी गाडी चालवत होतो."

"शुद्धीवर नसलेल्या माणसाच्या ताब्यात?"

 मी लपवली असती आणि नंतर सापडली असती तर चोर ठरलो असतो. सांगितली तर ताबा माझा ठरत होता.

संध्याकाळी रियाधहून बाबांचा मुलगा आला. त्याला बघून मला इतकं हायसं वाटलं की मी उठून उभा राहिलो. अधिकाऱ्याने त्याला विचारलं, "हा माणूस तुमच्या वडिलांची बंदूक हाताळायचा का?"

तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "हा गाडी चालवतो. बंदुकीचं मला काही माहीत नाही."

मागच्याच ईदला त्याने मला ती पुसताना पाहिलं होतं. माझा त्याने फोटोही काढला होता, हसत.

दोन रात्री कोठडीत गेल्या. मनगट सुजून जाड झालं. बायकोला फोन करू दिला नाही. ती तिकडे गावी माझ्या फोनची वाट बघत बसलेली, आणि शेवटी तिने बागेतल्या एका मजुराकडून ऐकलं, तेही अर्धवट, की मला बंदुकीसकट पकडलंय.

तिसऱ्या दिवशी बाबा स्वतः आले, चाकाच्या खुर्चीत. ते आले, हे त्यांचे उपकार मी नाकारत नाही. "बंदूक माझी, परवाना माझा, हा माणूस माझा," असं त्यांनी ठणकावून सांगितलं. सगळे उठून उभे राहिले. त्यांच्यासाठी काहवा आला, खजूर आले, आणि अधिकाऱ्याने झाल्या त्रासाबद्दल त्यांची क्षमा मागितली. बंदूक पिशवीसकट त्यांच्या मांडीवर ठेवली. मला माझा फोन मिळाला, काच तडकलेला. "खलास, जा," एवढंच मला सांगण्यात आलं.

परत येताना गाडी मुलगा चालवत होता.  बाबा म्हणाले, "तू कशाला बोललास? गप्प राहायचं होतंस."

"बाबा, तुम्हीच सांगितलं होतं, विचारायच्या आधी सांगायचं."

"ते मी माझं सांगत होतो," ते म्हणाले. "मी सांगण्यात आणि तू सांगण्यात फरक नाही का?"

त्यांनी हे रागाने म्हटलं नाही. लहान मुलाला समजावावं तसं म्हटलं. म्हणूनच ते जास्त लागलं.

घरी पोचल्यावर त्यांनी पिशवी माझ्यापुढे धरली, आत ठेवायला. मी म्हणालो, "माफ करा, मी हात लावणार नाही." त्यांचा हात तसाच राहिला. शेवटी मुलाने पिशवी घेतली. त्या दिवसानंतर 'वलदी' बंद झालं. मला ते 'ड्रायव्हर' म्हणू लागले, इतरांसमोर आणि एकटे असतानाही.

काही आठवड्यांनी त्यांच्या परवान्याच्या नूतनीकरणाची चौकशी निघाली आणि मला बोलावणं आलं. आदल्या दिवशी मुलगा बागेत येऊन म्हणाला, "चौकशीत सांग, की तू बंदुकीला कधी हात लावला नाहीस. पिशवी बाबांनी स्वतः ठेवली. तुझ्याही भल्याचं आहे. तुला दुसरीकडे जायचं असेल तर आम्ही अडवणार नाही."

भल्याचं होतंच. खरं बोलण्याची हौस माझी नाक्यावरच फिटली होती. मी त्याने सांगितलं तसं सांगितलं, घोटून पाठ केल्यासारखं. विचारणाऱ्याने मान डोलावली आणि या वेळी मलाही काहवा दिला. मी तो प्यायलो. कडू लागला नाही, कसलाच लागला नाही.

परवाना वाढून मिळाला. मी रियाधला अल सुलैमधल्या एका गोदामात लागलो. इथला मालक मला नावाने ओळखत नाही, आणि मला ते बरं वाटतं. बायको म्हणते, झालं गेलं सोडून दे, म्हातारा सोडवायला आला हे तरी लक्षात ठेव. ते लक्षात आहे. पण तो आला तेव्हा त्याने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं की टेबलावरच्या पिशवीकडे, हेही मी पाहिलंय, आणि ते तिला फोनवर सांगता येत नाही.

परवा बागेतल्या मजुराचा फोन आला होता. बाबांकडे नवा ड्रायव्हर आलाय, नेपाळी. बाबा त्याला बंदूक पुसायला शिकवतायत म्हणे. मी त्या मजुराला म्हणालो, त्या नेपाळ्याला माझा नंबर दे, मला फोन करायला सांग. अजून त्याचा फोन आलेला नाही.